जखमेतच राहणारा कारखाना

साधी जखम झाली की आधी सूज येते, पेशी घाण साफ करतात आणि मग नवी त्वचा बांधायला लागतात. मधुमेह्याच्या पायाची जुनी जखम त्या सफाईवरच अडकते. आम्ही कोड लिहिणारे म्हणू, लूप संपतच नाही. वर तिथली एन्झाइम्स, ‘आता बांधायला घ्या’ असा निरोप देणारी प्रथिनंच कापून टाकतात. म्हणून बाहेरून लावलेलं प्रथिन तिथे फार टिकत नाही.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी औषधाऐवजी औषध बनवणारा जिवाणूच जखमेत सोडून पाहिला. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, म्हणजे दह्यातल्या जिवाणूंच्याच गोतावळ्यातला. त्यात त्यांनी सीएक्ससीएल१२ या प्रथिनाचं जनुक घातलं. हे प्रथिन रोगप्रतिकारक पेशींना जखमेकडे बोलावतं. मला सगळ्यात आवडलं ते पुढचं: हा जिवाणू लॅक्टिक अ‍ॅसिड सोडतो, जखम थोडी आंबट होते आणि त्या आंबटपणात हे प्रथिन तोडणारं एन्झाइम मंदावतं. एकाच जिवाणूकडून दोन्ही कामं! २०१८ साली उंदरांवरचे निष्कर्ष छापून आले. रक्तातली साखर वाढलेल्या उंदरांच्या जखमाही लवकर भरल्या होत्या.

मी हे रात्री दोनपर्यंत वाचत बसलो, कारण माझ्या मामाच्या तळव्याची जखम पाच महिने भरत नाहीये. डॉक्टर आता अंगठा काढण्याबद्दल बोलतात. पण माणसांवरची पहिली चाचणी झाली ती ३६ निरोगी लोकांवर, मुद्दाम केलेल्या ताज्या जखमांवर. मामाच्या पायात रक्त नीट पोचत नाही, संवेदना नाही, आणि माणूस त्याच पायावर दिवसभर दुकानात उभा. जिवाणू कितीही हुशार असला तरी जखमेवरचं वजन तो उतरवणार नाही. ते काम एमसीआर चपलेचं, आणि ती मामा घरात घालत नाही.

त्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अरे, जंतू मारायला इतकी इंजेक्शनं घेतली, आणि तू आणखी सोडायला निघालास?”

प्रश्न रास्त आहे. उंदरांच्या रक्तात हा जिवाणू सापडला नव्हता, आणि त्यातलं जनुक चालू करायला वेगळं पेप्टाइड द्यावं लागतं, हे मी सांगितलं. पण आधीच पू झालेल्या, महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालू असलेल्या जखमेत तो किती तग धरेल, याचं उत्तर निरोगी माणसाच्या जखमेतून मिळणार नाही.