पुढल्या सालची उमेद

नीरा-बारामती रस्त्यावरच्या, डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या आमच्या पट्ट्यात वर्षाची विभागणी पंचांगापेक्षा कारखान्याच्या भोंग्यावर अधिक चालते. आणि दिवाळीच्या आगेमागे तो भोंगा वाजू लागतो, गाळप सुरू होते, बीडकडच्या टोळ्यांच्या कोप्या शिवारात उभ्या राहतात, नेमक्या त्याच दिवसांत विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे सामनेही येत असल्यामुळे, कोऱ्हाळे बुद्रुकच्या खेळप्रिय माणसाच्या वाट्याला एकाच वेळी दोन चिंता येतात. टोळी कधी लागणार ही पहिली, आणि आपल्या कॉलेजचा संघ यंदा तरी विभागातून वर सरकणार का, ही दुसरी. पहिलीसाठी निदान कारखान्याच्या शेतकी खात्याकडे दरखास्त नेता येते, चिटबॉयला चहा पाजता येतो, वाटल्यास संचालकांच्या कानावर घालता येते. दुसरीची दाद मागायला मात्र कोणतीही कचेरी अद्याप उघडलेली नाही.

गंमत अशी, की संघ हरतो तो हिवाळ्यात आणि आमच्या आशेला जोर येतो तो होळी झाल्यावर, मैदानात चिटपाखरू नसताना. शेवटच्या फडाला कोयता लागून गेलेला असतो, पहिला हप्ता खात्यावर जमा झालेला असतो, उन्हाने रस्ता तापलेला असतो, आणि स्टँडजवळच्या चहाच्या टपरीपुढे बाकावर एक निवृत्त तलाठी, एक ट्रॅक्टरमालक, शाळेत व्यायाम शिकवून थकलेले एक गुरुजी आणि प्रस्तुत लेखक असे चौघे, जिचा आमच्याशी कायदेशीर संबंध शून्य अशा एका मंडळीच्या भवितव्याचा खल करीत बसतो. तलाठीबुवांना आम्ही आबा म्हणतो. आयुष्यभर दप्तर सांभाळल्यामुळे आठवणीची शिस्त त्यांच्या अंगात मुरली आहे. कोणता मुलगा कोणत्या सामन्यात कोणत्या पायावर बाद झाला, याची त्यांच्यापाशी नोंद असते, आणि तिच्यावर हरकत घेण्याची मुदत त्यांच्या लेखी केव्हाच संपलेली असते. "औंदाचं ऱ्हाऊ द्या हो, फुडल्या साली बघा," हे वाक्य ते दरवर्षी त्याच स्वरात उच्चारतात, आणि आश्चर्य हे की आम्हां तिघांना ते दरवर्षी नवे वाटते.

ज्यांना या स्पर्धांची रचना ठाऊक नाही त्यांच्या माहितीसाठी सांगितले पाहिजे, की पुणे विद्यापीठाचा क्रीडाविषयक मुलूख चार भागांत वाटलेला आहे: पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर आणि नाशिक. आमची गणना जिल्ह्यात. प्रथम जिल्ह्यातल्या कॉलेजांनी आपापसांत लढायचे, मग चार विभागांनी एकमेकांशी, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जायचा, आणि त्या संघाने पश्चिम विभागातल्या इतर विद्यापीठांवर चालून जायचे. आमचे कॉलेज यातील पहिल्या पायरीच्या वर गेल्याचे आमच्या बाकावरच्या कोणाच्याही स्मरणात नाही. तरीही आम्ही वरच्या पायऱ्यांची तपशीलवार चर्चा करतो.

गेल्या मोसमातला तो उपान्त्य सामना मात्र थोडा सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही. मध्यंतराला आम्ही चार गुणांनी पुढे होतो. चाळीस मिनिटांच्या खेळातली पहिली वीस मिनिटे अशी सरली असता माणसाने सावध व्हावे. पण आमच्या उजव्या मध्यरक्षकाला आघाडीची नशा चढली, आणि प्रतिपक्षाचा चढाईपटू निदानरेषा ओलांडून बोनसकडे नुसता पाय लांबवतो आहे असे दिसताच, कोपऱ्याची साथ येण्याची वाट न पाहता, तो एकटा त्याच्या अंगावर झेप घेऊ लागला. एकट्याची झेप चुकली की गुण जातो आणि माणूसही जातो. असे तीनदा घडले, चौथ्यांदा आमच्यावर लोण चढला. उजवा कोपरारक्षक साथीला का धावला नाही, याचे कारण प्रेक्षकांत फक्त आम्हांला ठाऊक होते. कालव्याचे आवर्तन सुटले होते, थ्री-फेज वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, आणि पोर पहाटेपर्यंत उसाला दारे धरून, चिखलात खोरे ओढून, तसाच मोटारसायकलवर बसून मैदानावर आला होता. त्याच्या पायांत जे जडत्व होते त्याचे नाव मार्गदर्शकांच्या पुस्तकात सापडायचे नाही.

शेवटची दोन मिनिटे उरली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे. आमच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, म्हणजे तिसरीत गुण आणणे भाग, नाहीतर चढाईपटू बाद. समोर मैदानावर तीनच गडी, म्हणजे त्यांनी धरले तर ती अव्वल पकड आणि त्यांना एकाऐवजी दोन गुण. अशा चढाईला गेला तो एस. वाय.ला असलेला सडपातळ मुलगा. तीस सेकंदांपैकी वीस त्याने डावीकडून उजवीकडे जाण्यात घालवले, दम स्पष्ट ऐकू येत होता, मग त्याने पाय टाकला, आणि डाव्या कोपऱ्याने तो पाय असा धरला की मध्यरेषा हातभर अंतरावर दिसत असून त्याला गाठता आली नाही. तीन गुणांनी सामना गेला. परतीच्या जीपमध्ये लोक त्याला दूषणे देत होते. माझ्या मते तो अन्याय होता. त्या पोराने निदान पाय टाकला, आणि सामना त्याच्या पायाखालून निसटला नव्हता, तो दहा मिनिटांपूर्वी आमच्या बचावफळीने स्वहस्ते देऊन टाकला होता.

आता पुढल्या सालचा हिशेब. दोन मुख्य चढाईपटू जाणार हे निश्चित; एकाची पदवी पुरी झाली, दुसरा पोलीस भरतीच्या मागे लागून पुण्याच्या एका अकादमीत दाखल झाला, आणि त्याच्या घरची स्थिती पाहता त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पुरुष गटाच्या 85 किलोंच्या मर्यादेला भिडलेला आमचा डावा मध्यरक्षक राहणार आहे, फक्त त्याने उन्हाळ्यात लग्नांच्या पंगती आवरत्या घ्यायला हव्यात. तो सडपातळ मुलगा राहणार आहे. आबांच्या मते हा संघ म्हणजे खोडवा: नवी लागवड नाही, बेण्याचा खर्च नाही, जुन्या बुडख्याला जे फुटवे येतील त्यांच्यावर भागवायचे, आणि उतारा जो पडेल तो गोड मानून घ्यायचा. माझा त्यांच्याशी मतभेद आहे, आणि खोडव्याला वेळेवर खत-पाणी देऊन पाचट आच्छादले तर तो लागणीच्या उसाला लाजवतो हे आबांनी स्वतःच्याच शेतात अनुभवलेले असल्यामुळे, वाद त्यांच्याच दाखल्यावर मी जिंकतो.

शिवाय नवे गडी येणारच. आषाढी वारीच्या वाटेवर सासवडहून निघालेली संत सोपानकाकांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते, तिची धामधूम ओसरते न ओसरते तोच प्रवेशाच्या याद्या लागतात, आणि बुवा साळवींचा जन्मदिवस म्हणून 15 जुलैला जो कबड्डी दिन पाळला जातो त्याच्या आसपास बारावी झालेली पोरे वडगाव, मुरूम, होळ अशा गावांहून मैदानावर चाचपणीला उभी राहतात. यंदा होळच्या एका मुलाविषयी बातमी आहे; उंची बेताची, पण पाठीमागे सरकण्यात विजेचा. होळ म्हटले की गुरुजींना इतिहास आठवतोच. नीरेकाठच्या त्या गावावरून ज्यांचे आडनाव पडले त्या मल्हारराव होळकरांच्या फौजेचे सारे मर्म, शत्रूच्या मुलखात शिरून, घाव घालून, घेरा पडण्याच्या आत परत फिरण्यात होते, तेव्हा हे कसब त्या मातीतच आहे, असा त्यांचा सिद्धान्त. इतिहासाचार्य तो मान्य करणार नाहीत. आम्ही एकमताने मंजूर केला.

मला मात्र नव्या चढाईपटूची उमेद नेहमीच थोडी संशयास्पद वाटते. प्रेक्षक चढाईला टाळ्या देतो, वार्ताहर चढाईपटूचे नाव छापतो, आणि पोरेही त्यामुळे चढाईच शिकू पाहतात. बचाव शिकायला सात जणांनी एकमेकांचा श्वास ओळखावा लागतो, तो अभ्यास रुक्ष आणि लांबचा आहे. पुणेरी पलटणचे उदाहरण ताजे आहे. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा हा संघ तळाशी राहिला, दुसऱ्या वर्षीही तळाशीच. त्या काळात पुण्याच्या पाठीराख्यांनी किती उन्हाळे गणिते मांडली असतील ते आमच्यासारखेच जाणोत. दहाव्या हंगामात, 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत त्यांनी हरियाणा स्टीलर्सना 28 विरुद्ध 25 असे हरवून करंडक घेतला. कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, चढाईपटूच. परंतु त्या मोसमात पकडींचे सर्वाधिक, 99 गुण मिळवणारा इराणी मोहम्मदरेझा शादलूई त्याच संघात होता, हे टपरीवर कोणी आपणहून सांगत नाही.

मोसम संपल्यावर पुढल्या सालची गणिते मांडण्याचा हा रोग केवळ आमचाच आहे असेही नाही. अमेरिकेत कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांचे भक्त म्हणे उन्हाळाभर हेच करतात: कोण पदवी घेऊन चालला, कोण धंदेवाईक संघात गेला, कोणता उंच पोरगा नव्याने येतो आहे. 1891 साली स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या टांगून तो खेळ ज्यांनी निर्माण केला ते जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचे मार्गदर्शक झाले, आणि त्यांच्या कारकीर्दीत संघाने 55 सामने जिंकले व 60 गमावले. खेळाच्या जनकाची ही गत, तर आमच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना कोणी काय बोलावे?

बोलायचेच असेल तर मॅटविषयी बोलावे. आमची मुले आजही मातीवर, अनवाणी सराव करतात. माती ओली करून, खडे वेचून, चुन्याच्या रेषा ओढून ते मैदान तयार होते आणि त्याला एक शोभाही आहे. 1936 साली बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगाला दाखवला तेव्हा या खेळाचे घर मातीतच होते. पण आता स्पर्धा मॅटवर होतात. मातीवर पाय घसरत थांबतो, मॅटवर बूट जागीच धरतो. ज्याचे घोटे घसरण्याच्या हिशेबाने तयार झाले आहेत तो मॅटवर वळताना क्षणभर उशीर करतो, आणि कबड्डीत क्षणभर उशीर म्हणजे बाद. पुरुषांच्या मैदानाला 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद मॅट लागते. एवढ्या जागेत मावेल असा ऊस आमच्याकडे बांधावरदेखील निघतो. दर हंगामात गावातून जो ऊस वजनकाट्यावर जातो त्याच्या मानाने मॅटची रक्कम नगण्य आहे, आणि जत्रेच्या कमानीवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात बहुधा भागेल. आबांनी वर्गणीची वही घातली आहे. अद्याप तिच्यात चौघांचीच नावे आहेत.

एक गोष्ट राहिली, आणि ती आमच्या बाकाला भूषणावह नाही. त्याच कॉलेजचा मुलींचा संघही आहे, तो मुलांच्या आधी, सकाळच्या सत्रात खेळतो, आणि टपरीवरच्या खलात त्याचे नाव निघत नाही. 2012 साली पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला त्या संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे अशा तीन महाराष्ट्रकन्या होत्या. तरी आमची सकाळ उसाच्या बिलातच जाते. मी त्यांचा एक सामना पाहिला. त्यांच्या दोन्ही कोपरारक्षक एकमेकींकडे न पाहता एकाच वेळी पुढे येतात, मध्यरक्षक साखळी सोडत नाही, आघाडी मिळाली की त्या बोनस देऊन टाकतात पण माणूस देत नाहीत. मुलांच्या संघाने जे शिकावे असे मी वर लिहिले, ते सारे पलीकडच्या मैदानावर रोज घडते आहे.

तेव्हा माझा अंदाज विचाराल तर तो असा: पुढल्या मोसमात मुले पुन्हा उपान्त्य फेरी गाठतील, होळचा पोरगा गाजेल, मॅट आली तर अंतिम सामनाही पाहायला मिळेल, न आली तर नाही. मुली विभाग जिंकतील. त्यांचा सामना सकाळी आठला सुरू होतो. मुलांच्या सामन्यासाठी दुपारी निघणाऱ्यांनी यंदा सकाळची एस. टी. धरावी.