बिअर शोधताना मध सापडला

पुण्याला क्राफ्ट बिअरची चटक लागली ती 2009 मध्ये 'डूलाली' आल्यावर. पण वीकएन्डला पबच्या गर्दीत कोण उभं राहणार? मी सरळ पौड रोडने पिरंगुटकडे निघाले. इथली 'मूनशाइन' बिअर नाही, मीड बनवते. मीड म्हणजे पाण्यात कालवून यीस्टने आंबवलेला मध! कॉफी मीड घ्याच. आधी कॉफीचा कडवटपणा, मध मागाहून. (गाडी चालवणाऱ्याने बाटली घरी न्यावी. ताम्हिणीची वळणं चेष्टा नाहीत.)

जेवायला पुढे मुळशी. ताटात आंबेमोहोर असेल तर पोळी विसरा. इथल्या जमिनी वाचवायला 1921 मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात उतरले. तरी धरण झालंच. त्या पाण्याकडे बघत मी भात परत मागितला.