रविवारचे बल्लवाचार्य

आपल्या सीमाभागात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मराठीत ‘जेवण झालं का?’ आणि कानडीत ‘ऊटा आतेनरी?’ बस स्टँड असो, बँकेची रांग असो, दुपारचे बारा असोत की तीन, या प्रश्नावाचून आपलं बोलणं पुढे सरकत नाही. ‘स्वयंपाक कुणी केला?’ असं मात्र कुणी कुणाला विचारत नाही. उत्तर ठाऊक असतं ना!

माझ्या सासूबाई कानडी. त्यांच्या तोंडी एक म्हण नेहमी असते, ‘ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल.’ कसं जेवावं हे ज्याला कळतं त्याला रोग नाही आणि कसं बोलावं हे ज्याला कळतं त्याला भांडण नाही. म्हण मोठी शहाणपणाची आहे. पण तिच्यातला ‘तो’ जेवणारा आहे. रांधणारीचा तिच्यात पत्ता नाही.

गंमत अशी की उत्तम स्वयंपाकाचं कौतुक करायची वेळ आली की दोन्ही भाषांना पुरुषच आठवतो. मराठीत आपण ‘बल्लवाचार्य’ म्हणतो, कारण अज्ञातवासाच्या वर्षात भीम विराटाच्या मुदपाकखान्यात ‘बल्लव’ नावाने राहिला. कानडीत चवदार जेवणाला ‘नळपाक’ म्हणतात, तो नळराजावरून. भीमाने राजवाड्यात एक वर्ष स्वयंपाक केला आणि त्याची पदवी झाली. त्याआधीची बारा वर्षं वनवासात पंगती उठत होत्या, त्या द्रौपदीच्या जिवावर. सूर्याने युधिष्ठिराला दिलेल्या थाळीतलं अन्न द्रौपदी जेवेपर्यंत संपत नसे, अशी कथा आहे. म्हणजे ती सर्वांत शेवटी जेवत असे, हेही त्या कथेतच आलं. पण तिकडे आपलं लक्ष जात नाही. लक्षात राहते ती थाळी.

हे विचार मनात घोळू लागले ते इंदूरला. माझी मावशी पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे गेली. इंदूर आणि आपला भाग यांचं एक नातं आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि होळकरांचं इंदूर मध्य प्रदेशात. दोन्हीकडच्या मराठी माणसांनी दुसऱ्या भाषेच्या राज्यात आपापले संसार केले. इंदूरच्या रामबागेत, राजेंद्रनगरात अजूनही अंगणातून मराठी ऐकू येते. फक्त ‘मी येऊन राहिले आहे’ अशी तिला हिंदीची फोडणी बसलेली असते, जशी आपल्या मराठीला कानडीची बसते.

आणि इंदूर म्हणजे खाण्याचं गाव. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचे व्यवहार होतात. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच पायऱ्यांसमोर शेगड्या पेटतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. भुट्ट्याचा कीस, मावाबाटी, खोपरा पॅटिस, साबुदाण्याची खिचडी, थंडीत तळलेले गराडू. तिकडे ‘छप्पन दुकान’ नावाची खाऊगल्ली आहे, ती वेगळीच. मी दोन्हीकडे हिंडले. मी पाहिलं तितक्या गाड्यांवर आणि दुकानांत कढईपुढे उभा होता तो पुरुष. मका किसत होता पुरुष, भिजवलेला साबुदाणा हलक्या हाताने परतत होता पुरुष, आणि मिठाचा अंदाजही चुकत नव्हता.

पोह्यांचंच घ्या. पोहे मराठी माणसांबरोबर माळव्यात आले असं इंदुरात सगळेच सांगतात. आपल्याकडे कांदेपोहे म्हणजे मुलीची परीक्षा. पाहुणे यायचे, मुलीने बशा घेऊन बाहेर यायचं, आणि ‘पोहे तूच केलेस का?’ या प्रश्नाला मान हलवायची. इंदूरच्या नाक्यावर तेच पोहे वाफेवर गरम ठेवलेले असतात, वर शेव, कच्चा कांदा आणि जिरावन नावाचा मसाला, सोबत जिलेबी. करणारा पुरुष, विकणारा पुरुष. तिथे त्याला कुणी विचारत नाही की बाबा, पोहे तूच केलेस का? पदार्थ एकच, पण घराचा उंबरा ओलांडून तो रस्त्यावर आला, त्याला भाव आला आणि करणारा हात बदलला.

तेव्हा पुरुषांना स्वयंपाक जमत नाही, हे काही खरं नाही. आपल्याकडच्या लग्नातले आचारीही पुरुषच असतात. माळव्यात तर राजेलोकांनाही हा नाद होता. रतलाम जिल्ह्यातल्या सैलाना संस्थानचे राजे पाककृती जमवण्यासाठी आणि स्वतः रांधण्यासाठी प्रसिद्ध होते. तिथल्या दिग्विजयसिंहांचं पाककृतींचं पुस्तक १९८०च्या दशकात निघालं आणि त्याचं बरंच नाव झालं. पैसा असेल, कौतुक असेल किंवा हौस असेल, तिथे पुरुषाचा हात कढईपर्यंत सहज पोचतो. तो पोचत नाही तो रोजच्या वरणभातापर्यंत.

आमच्या काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं, असंच होतं. बँकेतून निवृत्त झालेले, माणूस अगदी सज्जन. त्यांच्या हातचे दाल-बाफले सगळ्या गोतावळ्यात नावाजलेले. कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे आणि तुपात बुडवून ताटात. रविवारी मळ्यात पन्नास-पन्नास माणसांना त्यांनी वाढलेलं मी पाहिलं आहे. कणीक मळून ठेवणं, डाळ निवडून भिजवणं, लाडवांचा रवा भाजणं आणि संध्याकाळी काळी झालेली पातेली घासणं ही कामं मावशीची. पण बाफले ‘काकांच्या हातचे’!

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मावशी अंगणात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. पहिले चार दिवस शेजारणींनी निभावले, पुढे बाहेरून डबा आला. काकांना तेल सोसेना. मुलगा आणि सून दोघंही विजयनगरकडे नोकरीला. सून सकाळी नऊला बाहेर पडते ती संध्याकाळी सातला परत. मग नातेवाइकांची बैठक बसली. सगळे प्रेमाने बोलत होते. त्या प्रेमातूनच एक तोडगा निघाला, की सुनेने काही महिने नोकरी सोडावी. ‘नोकरी काय, पुन्हा मिळेल,’ असं एक वडीलधारे म्हणाले. सून खाली मान घालून ऐकत होती. मी सुट्टीला म्हणून गेले होते. माझ्याकडेही दोघांतिघांनी पाहिलं, की ही आलीच आहे तर चार दिवस सोय झाली.

मावशी आजवर कुणाला दुरुत्तर न केलेली बाई. तिने गळ्यातली झोळी सावरली आणि म्हणाली, ‘‘तिची नोकरी का म्हणून सुटायची? घरात दोन धडधाकट पुरुष आहेत. हात माझा मोडलाय, त्यांचे नाही मोडले.’’

बैठकीत कुणी काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वयंपाकघरात शिरले.

पन्नास माणसांचे बाफले करणाऱ्या या माणसाला हिंगाची डबी कुठे असते ते ठाऊक नव्हतं. ‘अगं, तिखट कुठे? मोहरी कुठली? कुकरच्या शिट्ट्या किती?’ मावशी खुर्चीवरून उत्तरं देऊन थकली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘अहो, आता लिहून ठेवा.’’ मग काकांनी त्यांना जमणारं काम केलं. सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एक वही घातली. डाळ, तांदूळ, तेल, गूळ, कधी आणलं, किती उरलं. बँकेच्या खातेवहीसारखा जमाखर्च. महिनाभराने मी फोन केला तेव्हा काका म्हणाले, ‘‘करायला काही नाही गं, हात बसतो. पण रोज सकाळी उठल्यावर आज काय करायचं, हे ठरवायचं म्हणजे डोकं उठतं. तुझ्या मावशीने पन्नास वर्षं हे केलं कसं?’’

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. स्वयंपाक म्हणजे नुसतं रांधणं नाही. दूध नासायच्या आत विरजण लावायचं, डाळ संपायच्या आत आणायची, एकाला वांगं चालत नाही, दुसऱ्याला तिखट सोसत नाही, उद्या चतुर्थी, परवा पाहुणे, हे सगळं सतत डोक्यात वागवायचं. ‘सांग, मी मदत करतो’ म्हणणारा नवरा चांगलाच. पण ‘सांग’ म्हटलं की ठरवण्याचं काम तिच्याकडेच राहिलं. आणि मदत म्हटली की काम मुळात तिचं, हे गृहीतच धरलेलं असतं.

सरकारी पाहणीही हेच सांगते. आपला वेळ कशात जातो याची देशभर पाहणी २०१९ साली झाली. सहा वर्षांवरच्या बायकांपैकी ८१.२ टक्के दिवसभरात बिनपगारी घरकाम करत होत्या. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के. काम करणाऱ्या बाईची सरासरी दिवसाला २९९ मिनिटं, म्हणजे पाच तास, आणि पुरुषाची ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं वाचली खरी, पण पुरुषांचीही नऊ कमी झाली!

या कामाची किंमत होते तीसुद्धा कधी? लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३००० रुपये धरलं. ५ जानेवारी २०२१ च्या एका निकालात न्यायालयाने वरच्या पाहणीचे २०१९ चे आकडे सांगून गृहिणीच्या श्रमांची दखल घ्यायलाच हवी, असं बजावलं. दोन्ही खटले नुकसानभरपाईचे, दुर्घटनेत जीव गेलेल्या माणसांचे. बाई गेल्यावर तिच्या कामाचा हिशेब मांडला गेला.

प्लॅस्टर निघाल्यावर मावशीच्या घरी काय झालं, ते सांगायला हवं. सगळं बदललं असं नाही. रात्रीचं जेवण काका आणि मुलगा मिळून करतात, वही अजून चालू आहे, सुनेची नोकरीही चालू आहे. काकांच्या पोळ्या मात्र नकाशासारख्या होतात, म्हणून पोळ्या लाटायला एक बाई येतात. त्या आठ घरी पोळ्या करून स्वतःच्या घरी जातात आणि पुन्हा चुलीपुढे बसतात. मावशीने एकदा त्यांना विचारलं, ‘‘घरी कोण मदत करतं?’’ त्या नुसत्या हसल्या. पैसे देऊन आपल्या घरची अडचण सुटते. त्यांच्या घरचा प्रश्न तिथेच राहतो.

इंदूरच्या एका फराळाला एक गृहस्थ अभिमानाने म्हणाले, ‘‘आमची मराठी टिकली ती स्वयंपाकघरामुळे.’’ त्यांचं म्हणणं खोटं नाही. तिथल्या मुलांना हिंदीच जवळची, पण फोडणी, भाजणी, मेतकूट, विरजण हे शब्द मराठीच राहिले. माझा अनुभव याच्या उलट बाजूने तोच आहे. मी कानडी शिकले ती पुस्तकातून नव्हे, सासूबाईंच्या शेजारी उभं राहून. उप्पु, बेल्ला, अक्की, मज्जिगी, सारू. आधी पदार्थ आले, मग वाक्यं आली, मग भांडणंसुद्धा आली! आपल्यासारख्या दुभाषी घरांत एका बाजूची भाकरी, झुणका आणि दुसऱ्या बाजूची रोट्टी, एण्णेगायी या दोन्हींची परंपरा राखली म्हणून बाईचं कौतुक होतं. दोन्ही चवी एकाच जिभेला मिळतात हे घराचं भाग्य. पण दोन्हींचे कष्ट एकाच जोडीच्या हातांना पडतात आणि त्याला आपण संस्कृती म्हणतो.

बरं, भाषा जर स्वयंपाकघरात राहत असेल, तर जो तिथे पाऊल ठेवत नाही त्याला ती मिळणार कशी? आपल्या मुली आजीजवळ वावरतात, त्यांच्या कानावर कानडीही पडते आणि मराठीही. मुलगे ताट पुढ्यात आल्यावर येतात आणि ताट सरकवून उठतात. पुढे त्यांना आजीची भाषा समजते, पण बोलता येत नाही. असे तरुण मला दरवर्षी वर्गात भेटतात. म्हणून मुलग्यांना स्वयंपाकघरात आणायचं ते केवळ आईचं ओझं कमी व्हावं म्हणून नाही. त्यांच्याही वाट्याचं काहीतरी तिथे पडून आहे.

आमचा मुलगा यंदा अकरावीत आहे. शनिवारची रोट्टी त्याच्याकडे. सासूबाई शेजारी पाट टाकून बसतात आणि ‘मेल्लग तट्टो’, हळू थाप रे, असं सांगत राहतात. त्याची रोट्टी अजून कडेला फाटते. पण शुक्रवारी रात्री ज्वारीचं पीठ किती उरलंय ते तो स्वतः डबा उघडून बघतो आणि संपत आलं असेल तर गिरणीत जाऊन येतो. मला रोट्टीपेक्षा या डबा उघडून बघण्याचं अप्रूप अधिक आहे.

रविवारचे बल्लवाचार्य आपल्याकडे पुष्कळ झाले. त्यांच्या हाताला चव आहे, त्याबद्दल वाद नाही. आता सोमवारी सकाळी साडेसहाला, कुणी न सांगता, भाजी चिरायला घेणारा हवा आहे.