डेक कुणासाठी, दादा?

अलिबाग,
अक्षय्य तृतीया

ती. दादास,


तुझं पत्र आणि होडीतल्या डेकचा आराखडा मिळाला. आराखडा सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. हाडांच्या डॉक्टरची रेघ ती. स्क्रू कुठे किती अंतरावर, सगळं नेमकं. आणि शेवटी एका ओळीत प्रश्न: प्लाय बारा मिलिमीटरचा घेऊ की अठराचा? वहिनींना पाँटूनवरून होडीत पाय टाकणं जड जातं, म्हणून सगळं कॉकपिट मधल्या फळीच्या उंचीपर्यंत भरून काढतोयस म्हणे. आधी हसलो. मग रागावलो. आता रात्रीचे दोन वाजलेत आणि मी लिहीत बसलोय.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो, नाहीतर म्हणशील धाकट्याने विषय टाळला. अठराचा प्लाय चौरस मीटरला बाराएक किलो भरतो. तुझ्या आराखड्यात दोन चौरस मीटर आहेत. खालचे दांडे, इपॉक्सी, स्क्रू धरून तीस किलोच्या आसपास जाशील. बाराचा घेतलास तर तो पायाखाली दबू नये म्हणून दांडे जवळजवळ घालावे लागतील, म्हणजे वजन फिरून तिथेच. तुझ्या वेफेअरर होडीचा नुसता सांगाडा १६९ किलोचा. त्याचा सहावा हिस्सा तू आत फरशी म्हणून घालणार. आणि घालायचाच असेल तर बीएस १०८८ चा शिक्का पाहून घे. आमच्याकडे दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणत काहीही गळ्यात मारतात. मी आयएस ७१० वाचल्याशिवाय पैसे काढत नाही. कापलेल्या कडांनी इपॉक्सी तीनदा प्यायलं पाहिजे. पाणी शिरतं ते तिथूनच.

पण वजन ही लहान गोष्ट आहे. तू नऊ इंच वर येतोस, ही मोठी. शीड चालवताना तू काठावरच बसतोस, हे मला ठाऊक आहे; तिथे फरक पडत नाही. फरक पडतो तो एका काठावरून दुसऱ्या काठावर जाताना. तेव्हा तू होडीच्या मध्यावर असतोस, वाकलेला, आणि शिडाखालचा दांडा, बूम, तुझ्या टाळूवरून जात असतो. तुझ्या होडीचा बूम आधीच किती खाली आहे, हे माझ्या कपाळाला विचार! त्यात नऊ इंच तू वर. वाऱ्याकडे पाठ असताना शीड झटक्यात पलटून जाइब झाला, तर दादा, तो बूम थांबून तुला नमस्कार करणार नाही. शिवाय पाय अडकवायचे पट्टे डेकखाली जाणार, म्हणजे काठाबाहेर रेलताना पाय कशात अडकवणार? आणि आत आलेलं पाणी डेकखाली शिरणार. दिसणार नाही, उपसता येणार नाही, होडी कलेल तिकडे धावणार. खालची जागा हवाबंद केलीस तर आणखी वेगळं दुखणं: उलटलेली होडी कडेवर फार वर तरंगते आणि सहज पालथी होते.

आता माझं जुनं तुणतुणं. ऐकून घे. लहान होडीत सपाट जमीन केली की माणूस उभा राहतो. त्याचा इलाज नाही; पायाला जमीन लागली की कणा ताठ होतो. वेफेअररच्या तळाशी अडचण आहे, मध्ये सेंटरबोर्डची पेटी आहे, दोऱ्या आहेत, म्हणून माणूस वाकून, हात टेकत, सांभाळून हलतो. ती अडचण राखण करते. आजी आपल्याला रेवसच्या लाँचमध्ये दंडाला धरून खाली बसवायची, आठवतं? आपण धक्क्याच्या फळीवरून उड्या मारत आत शिरायचो आणि ती ओरडायची, ‘बोटीत उभं राहायचं नाही!’ आपल्याला वाटायचं, म्हातारी भित्री आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून निघालेली रामदास बोट रेवसच्या अलीकडे बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. लाट आली, माणसं घाबरून एका बाजूला सरकली आणि बोट कलंडली. आजी रामदासचं नाव घ्यायची नाही. फक्त दंड धरायची. तुझी होडी सोळा फुटांची, ती बोट केवढी, हे मला कळतं. तरी तुझा आराखडा पाहताना मला आजीची बोटं दंडावर जाणवली, त्याला मी काय करू?

तू फ्रँक डायचं नाव काढशील, म्हणून आधीच सांगतो. १९६३ साली तो वेफेअररमधून स्कॉटलंडहून आइसलँडला गेला, पुढच्या वर्षी नॉर्वेला. वादळात डोलकाठी मोडली, होडी उलटली, तरी पोचला. फॅल्मथच्या संग्रहालयात त्याच्या ४८ नंबरच्या होडीशेजारी उभा राहून तू काढलेला फोटो अजून माझ्या कपाटावर आहे. पण तेव्हा तो पस्तिशीत होता, दादा. आणि उलटल्यावर परत आत चढत होता.

माझी सगळी भीती इथे आहे. तू धक्क्यावरून चढायची सोय करतोयस. मला पाण्यातून चढायची काळजी आहे. तुझ्या इंग्लंडातल्या चिचेस्टर हार्बरचं पाणी आज दहा-अकरा अंश असेल. त्यात पडलं की पहिलं मिनिटभर श्वासच ताब्यात राहत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांत हात दोरी धरेनासे होतात. हे तू मला शिकवायला हवं, मी तुला नव्हे. भिजलेल्या कपड्यांनिशी नुसत्या दंडांच्या जोरावर स्वतःला काठावरून आत ओढून घेणं तुला जमेल? तुझ्या आराखड्यात मागच्या फळीला साधा दोरीचा फासही नाही, पाय ठेवून वर यायला. डेकवरच्या सागाच्या पट्ट्यांना किती जागा दिलीस, आणि त्या फासाला नाही.

आणि वहिनींचं नाव का पुढे करतोस रे? परवा त्यांच्याशी बोललो. त्या म्हणाल्या, ‘मी त्या होडीत कुठे बसते आता? मला थंडी सोसत नाही.’ पत्रासोबतच्या फोटोत पाँटूनवर उभा आहेस, उजवा हात मांडीवर दाबून. हयातभर लोकांचे गुडघे बदलले आणि स्वतःचा लपवतोस. कुणापासून? इथे तर सगळे तुझ्याच घरातले.

डेक करू नकोस. आजीच्या न्हाणीघरातल्या पाटासारखी एक ठोकळापायरी कर, पाय टाकून झाला की उचलून बांधून ठेवायची. चढताना सेंटरबोर्ड खाली सोडलेला असू दे, होडी कमी डोलते. डोलकाठीची बाजूची तार घट्ट धर आणि पाऊल काठावर न देता थेट मध्यावर टाक. मागे दोरीचा फास बांध, पाण्यात गुडघ्याच्या उंचीला येईल असा, आणि तो बुडावा म्हणून त्यात नळीचा तुकडा ओव. जुलैत पाणी जरा ऊब धरेल तेव्हा क्लबची बचाव-बोट शेजारी ठेवून मुद्दाम होडी उलटव आणि आत चढून दाखव. जमलं तर या विषयावर मी पुन्हा बोलणार नाही. नाही जमलं तर एकट्याने जाणं बंद. चिडायचं तर चीड.

हे पत्र वहिनींना दाखव. तू दाखवणार नाहीस, म्हणून एक प्रत त्यांना वेगळी पाठवली आहे.

तुझा,
धाकटा