मुळांचा रंग

बदलीचा हुकूम आला की सामानाचे तीन भाग होतात: काही ट्रकात, काही विक्रीस आणि काही शेजाऱ्यांच्या गळ्यात. आमच्या एका मराठी स्नेह्यांची मार्चमध्ये लखनौहून बदली झाली, तेव्हा वहिनी ऑर्किडची कुंडी आमच्याकडे ठेवून गेल्या. ते रोप त्यांच्या आईंनी शेवटच्या आजारात दिलेले. त्यामुळे ‘गेले तर दुसरे आणू’ असे म्हणण्याची सोय नव्हती.

कोकणात झाडाच्या खोडावरून लोंबणारी सीतेची वेणी ज्याने पाहिली आहे, त्याला हे कूळ परके नाही. दिवाणखान्यातले फॅलेनॉप्सिस मात्र मूळचे बहुतांशी आग्नेय आशियातल्या जंगलांचे. फुले पतंगासारखी, म्हणून १८२५ साली ब्लूमने त्याला ते ग्रीक नाव दिले. तेही झाडावरच राहते. परंतु बांडगुळासारखे यजमानाचा रस शोषीत नाही. जागा तेवढी त्याची घेते. सरकारी निवासस्थानात राहणारांना हा भेद विशद करावयास नको.

मे महिन्यात लू वाहू लागली, पारा चाळिशीपार गेला आणि रोपाची पाने मऊ पडून त्यांवर सुरकुत्या आल्या. माळी म्हणाला, “साहब, प्यासा है.” निदान खोटे नव्हते, पण त्यावरून झारी उचलणे घातक होते. या जातीला पाणी साठविणारा कंद नसतो; पान हीच तिची टाकी. टाकी रिती झाली, एवढेच पान सांगते. कुंडी कोरडी पडल्यामुळे, की पाणी आणणारी मुळेच कुजल्यामुळे, हे त्याला सांगता येत नाही. तहानलेल्याची आणि बुडालेल्याची हाक येथे एकच असते.

म्हणून रोप कुंडीतून काढले. निरोगी मूळ कोरडे असता रुपेरी, भिजले की हिरवे आणि दाबले असता टणक लागते. येथे शेवाळाच्या गच्च ओल्या गोळ्यात बहुतेक मुळे तपकिरी होऊन चिमटीत सोलून येत होती. पाते ज्योतीवर तापवून, निववून, कुजलेले सर्व कापले. कापल्या जागी दालचिनीची पूड लावली. (निरोगी मुळांना ती लावू नये, ती मुळे सुकवते.) तीन मुळे उरली. साल आणि कोळशाच्या जाड तुकड्यांत त्यांना बसविले.

माळी हे सारे अविश्वासाने पाहत होता. त्याला विचारले, “तुमच्या गावी आंब्यावर वंदा नाही?” हेच संस्कृत नाव वनस्पतिशास्त्राने ऑर्किडच्या एका प्रजातीसाठी उचलले आहे, आणि तिची एक जात या प्रांतात आंब्यावर वाढते. तो थबकला. “है तो. उसे कौन पानी देता है?” त्यानंतर मला काही समजावावे लागले नाही.

पानांच्या इतर तक्रारी सरळ असतात. सर्वांत खालचे एकच पान सावकाश पिवळे पडले तर ते वय होय, उपचार नको. पांढुरका, कोरडा, न पसरणारा डाग उन्हाचा. कुंडी खिडकीपासून सरकवावी. ओलसर तपकिरी डाग पसरत असेल तर मात्र वाट पाहू नये. निरोगी कडेसह तो भाग कापावा. कापसासारखा पांढरा कीटक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. पोंग्यात पाणी साचू देऊ नये: जंगलात हे रोप तिरके लोंबते, पाणी गळून जाते, कुंडीत आपण त्याला ताठ उभे करतो. लखनौच्या जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत, पाणी आणखी कमी करावे आणि रात्री कुंडी थंड काचेपासून दूर ठेवावी.

श्रावणात वहिनींचा फोन आला. फुले आली का, म्हणून. फुले नव्हती. जुनी दोन पाने गळाली होती, आणि खोडाशी हिरव्या टोकाचे, नखाएवढे एक नवे मूळ आले होते. तेवढेच सांगितले. पलीकडे काही वेळ शांतता होती; मग त्यांनी विचारले, “कोणत्या बाजूला?”