रात्र तेवढी कोरायची

तांब्याच्या पत्र्यावर उजेड कोरता येत नाही. कोरणीची खोबण पडली की तिच्यात शाई बसणार आणि कागदावर काळी रेघ उठणार. जिथे उजेड हवा, तिथे हात लावायचा नाही.

वडील मालवणात घागरींवर नावं घालायचे. नाव वाचता आलं की त्यांचं काम झालं. उजेडाची ही गोष्ट मला कळली आल्ब्रेख्त ड्यूररच्या १५१२ च्या ‘पुनरुत्थाना’ची नक्कल करताना. मूळ चित्र पोस्टकार्डाहून लहान. ख्रिस्त निशाण घेऊन थडग्यावर उभा, भोवती पहारेकरी झोपलेले. ड्यूररची मेहनत दिसते ती रात्रीत आणि त्या झोपलेल्यांत. आडव्या रेघांवर तिरक्या, त्यांवर आणखी तिरक्या. ख्रिस्ताच्या अंगावर मात्र रेघा विरळ होत जातात, छातीवर तर नुसता कागद.

ही कथा मराठी ओव्यांत सांगणारं फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. छापचित्रं त्याआधीच आली होती. गोव्याहून निघून १५८० मध्ये अकबराच्या दरबारी पोचलेल्या जेझुइट पाद्र्यांनी ती सोबत नेली. पुढे १६०० च्या सुमारास तेरा वर्षांच्या अबुल हसन या मुघल चित्रकाराने, ड्यूररचं ‘पुनरुत्थान’ ज्या मालिकेतलं तिच्यातलाच क्रुसाजवळचा योहान उतरवला. त्या पोराचा मला फार आधार वाटतो.

आमच्या खाऱ्या हवेत पत्रा बघता बघता कळकतो. सोलांच्या पाण्याने तो लख्ख करायचा आणि वाळूच्या पिशवीवर ठेवायचा. वळणावर उजव्या हातातली कोरणी जागची हलत नाही, डाव्या हाताने पत्राच फिरवायचा.

दोन महिने खपून पहिला पत्रा कोरला, तो रेघांच्या नादात सुलटाच. छापल्यावर अर्थातच सगळं उलटं आलं. चित्र शेजारच्या मावशींसाठी होतं, काका गेले त्या वर्षीचं. त्या क्षणभर बघत राहिल्या.

“ह्येचो हात डावो कित्याक रे?”

आशीर्वादाचा हात! दुसऱ्या पत्र्यावर सगळं उलटं कोरलं.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्या चित्र घेऊन सिमेट्रीत गेल्या. मीही सोबत होतो. समुद्रावरून वारा येत होता, मेणबत्ती टिकेना. ओंजळीचा आडोसा करून मी ती पुन्हा पेटवली. तिच्या उजेडात मावशींनी चित्रावर बोट ठेवलं, ते खाली झोपलेल्या शिपायावर.

“ह्येका कायच म्हायत नाय,” त्या म्हणाल्या.