चामड्यावरची फुलं

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे डेन्व्हरला होते. शेजारच्या गॅरेजमधून सकाळभर टक टक आवाज यायचा. शेवटी एक दिवस जावईबापूंना घेऊन बघायलाच गेले. (भाषांतराला कुणीतरी हवंच ना!)

माझ्याच वयाचे एक गृहस्थ मोटारसायकलची सीट घडवत होते. त्यांच्या मित्रमंडळींनी मिळून एक गाडी बांधली होती. तिची सोडत निघणार, तिकिटांचे पैसे आजारी मुलांच्या उपचारांसाठी जाणार. रंगकाम एकाने फुकट केलेलं, इंजिन दुसऱ्याने, चामडं यांच्या वाट्याला.

"कोणतंही चामडं चालतं का?" मी विचारलं. बाईंचा प्रश्न! नाही म्हणाले. क्रोमने कमावलेलं मऊ असतं, पण त्यावर ठसा टिकत नाही. झाडाच्या सालीत कमावलेलंच लागतं. ते आधी ओलं करायचं, मग जरा सुकू द्यायचं. मूळ रंग परतू लागला पण हाताला अजून गार लागतंय, की कामाला लागायचं. फिरत्या पात्याच्या सुरीने नक्षीची रेघ कापायची आणि तिच्या एका बाजूचं चामडं ठशाने ठोकून दाबायचं. फूल वर उठल्यासारखं दिसतं. खरं तर फूल जागेवरच असतं, भोवतालची जमीन खाली जाते. गोल गोल वेलींची ही नक्षी वायोमिंगमधल्या शेरिडन गावच्या घोड्यांच्या खोगिरांवरची. डॉन किंग या कारागिराने ती नावारूपाला आणली.

झाडाची साल म्हटल्यावर मला आपली बाभूळ आणि हिरडा आठवले. कोल्हापुरी चपलेचं चामडं त्यातच कमावतात. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून.

काम संपल्यावर गृहस्थांनी सीट उलटी केली आणि खालच्या अंगाला स्वतःच्या नावाचा ठसा मारला. जावई म्हणाले, "तिथं कुणाला दिसणार?" ते हसले, "मला माहीत आहे ना!"

आणि मला सातवीतला एक मुलगा आठवला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळेत मी ३४ वर्षं शिकवलं. त्याचे वडील चपला शिवायचे. अर्जातल्या 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात तो 'शेती' लिहायचा. घरी गुंठाभर जमीन नव्हती. एकदा माझ्या चपलेचा अंगठा तुटला. शाळा सुटल्यावर, दाराकडे बघत बघत, त्याने तो दोन मिनिटांत शिवून दिला. काय हात होता! त्याच्या वडिलांनी शिवलेल्या चपला लग्नाच्या मांडवात मिरवायच्या, आणि शिवणाऱ्याने मात्र मांडवाबाहेर थांबायचं. कारागिरी तीच, चामडंही तसंच कमावलेलं. एकाने नावाचा ठसा मारायचा, दुसऱ्याने बापाचा धंदा लपवायचा. हा फरक हातांचा नाही, बघणाऱ्यांचा आहे. आपल्यापैकी किती जणांना आपल्या चपला शिवणाऱ्याचं नाव ठाऊक असेल?

तो मुलगा आता बँकेत अधिकारी आहे. परत आल्यावर त्याला फोनवर ही सगळी हकीगत सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, आबांची रापी आहे अजून माझ्याकडे. तेल लावून ठेवलीय."